लांब तार आणि क्षीण प्रवाह : १८५८ च्या अटलांटिक केबलच्या अपयशाचा पुनर्विचार

प्रस्तावना :

एकाच तारेतून एकामागून एक विद्युत्-स्पंद पाठवून संदेश पोहोचविणे, यालाच आज सिरियल संदेशवहन म्हणतात. ही पद्धत संगणकाबरोबर आली असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः तारायंत्र हे सिरियल संदेशवहनच होते, आणि तार लांबली की संदेश का बिघडतो हा प्रश्नही तेव्हाचाच आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या संदर्भात १८५८ च्या पहिल्या अटलांटिक केबलचा विचार केला आहे. या केबलचे अपयश सामान्यतः एका व्यक्तीच्या माथी मारले जाते. ते कितपत योग्य आहे, हेही तपासणे आवश्यक आहे.

वर्गाचा नियम आणि त्यावरील वाद :

खांबांवरून नेलेल्या उघड्या तारांत जी अडचण जाणवत नसे, ती गटापर्चाचे वेष्टन घातलेल्या भूमिगत आणि सागरी तारांत जाणवू लागली. एका टोकाला दिलेला तीक्ष्ण स्पंद दुसऱ्या टोकाला पसरट होऊन, रेंगाळत बाहेर पडे. १८५४ मध्ये मायकेल फॅरडे यांनी याचे कारण स्पष्ट केले. आत तांबे, मध्ये गटापर्चा आणि बाहेर पाणी अशी ही रचना म्हणजे एक लांबच लांब लेडन जारच होय. संदेश पुढे जाण्यापूर्वी हा जार भरावा लागतो आणि पुढील संदेशासाठी तो रिकामाही व्हावा लागतो.

त्याच वर्षी विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी या कल्पनेला गणिती रूप दिले. लांबीबरोबर तारेचा रोध वाढतो तशी धारिताही वाढते. म्हणून विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तार दुप्पट तर विलंब चौपट, तार दहापट तर विलंब शंभरपट. विभवांतर वाढविल्याने स्पंद मोठा होतो, परंतु त्याचा आकार तितकाच पसरट राहतो. यावर उपाय एकच, तो म्हणजे तांबे आणि गटापर्चा दोन्ही जाड करणे. तो अर्थातच खर्चिक होता.

ब्रायटन येथील शल्यचिकित्सक आणि हौशी विद्युत्-प्रयोगकर्ते वाइल्डमन व्हाइटहाउस यांना हा निष्कर्ष मान्य नव्हता. १८५६ मध्ये चेल्टनहॅम येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी आपल्या प्रयोगांच्या आधारे वर्गाचा नियम ही पुस्तकी कल्पना ठरविली. थॉमसन यांनी 'अथेनियम' नियतकालिकातून त्याला उत्तर दिले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या अटलांटिक टेलिग्राफ कंपनीने व्हाइटहाउस यांना विद्युत्-तज्ज्ञ नेमले आणि थॉमसन संचालक झाले. मात्र केबलचा आराखडा आधीच ठरून गेला होता. एका सागरी मैलास १०७ पौंड तांबे आणि २६१ पौंड गटापर्चा, असे तिचे प्रमाण होते.

तीन आठवड्यांची केबल :

१८५७ चा प्रयत्न केबल तुटल्याने फसला. ५ ऑगस्ट १८५८ रोजी आयर्लंडमधील व्हॅलेन्शिया आणि न्यूफाउंडलंड जोडले गेले. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पोहोचण्यास सोळा तास लागले. व्हाइटहाउस यांनी पाच फूट लांबीच्या प्रवर्तन-वेटोळ्यांनी सुमारे २००० व्होल्टचे धक्के दिले. आधीच सदोष असलेले वेष्टन ते सोसू शकले नाही. जे संदेश वाचता आले ते थॉमसन यांच्या आरसा-गॅल्व्हानोमीटरवर, क्षीण प्रवाहाने. सप्टेंबरच्या आरंभी केबल निकामी झाली.

या अल्प काळातील एका संदेशाचा भारताशी थेट संबंध आहे. १८५७ च्या उठावामुळे कॅनडातून दोन पलटणी परत बोलाविण्यात आल्या होत्या. उठाव आटोक्यात येत असल्याने तो हुकूम केबलवरून रद्द करण्यात आला आणि ब्रिटिश सरकारचे सुमारे ५०,००० पौंड वाचले. साम्राज्याला तारेची किंमत कळली ती अशी, आपल्याकडील रक्तपाताच्या हिशेबातून.

व्हाइटहाउस यांना कंपनीने त्याच ऑगस्टमध्ये बडतर्फ केले. त्यांची चूक निर्विवाद आहे. तथापि बारीक तार घाईने पसंत करणारी आणि तिच्या निर्मितीवर पुरेशी देखरेख न ठेवणारी कंपनी दोषमुक्त ठरत नाही. १८५९-६० मधील सुएझ-एडन-कराची केबलशी व्हाइटहाउस यांचा संबंध नव्हता. तरीही ती सलगपणे एकदाही चालली नाही. तिच्या भांडवलावर ब्रिटिश सरकारने पन्नास वर्षांची व्याजहमी दिली होती, म्हणजे केबल गेली तरी देणे राहिले. या दोन्ही अपयशांनंतर नेमलेल्या संयुक्त समितीचा अहवाल १८६१ मध्ये आला आणि रोधाच्या प्रमाण एककाचे कामही त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनने हाती घेतले. ब्रूस हंट यांच्या १९९६ मधील व्हाइटहाउसविषयक शोधनिबंधाचा विषय मोजमाप आणि विश्वासार्हता हा आहे, ही बाब येथे लक्षणीय ठरते.

मुंबईपर्यंत आणि पुढे :

१८६६ च्या यशस्वी केबलमध्ये मैलास ३०० पौंड तांबे आणि ४०० पौंड गटापर्चा होता. त्या वर्षी लॅटिमर क्लार्क यांनी शिवणकामाच्या चांदीच्या टोपणात आम्ल आणि जस्ताचा तुकडा घालून केलेल्या घटाने अटलांटिकपार संदेश पाठविला. २००० व्होल्टना हे अधिक समर्पक उत्तर कोणते असू शकेल?

फेब्रुवारी १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबई-एडन केबल टाकली आणि जूनपर्यंत मुंबई लंडनशी जोडली गेली. हा मार्ग सलग नव्हता. एडन, माल्टा, जिब्राल्टर अशा ठाण्यांवर कर्मचारी संदेश वाचून पुढे पाठवीत. वर्गाच्या नियमानुसार तार निम्मी केली की प्रत्येक भागातील विलंब चतुर्थांश होतो, हे ध्यानी घेता ही रचना केवळ सोयीची नव्हती.

संगणकयुगात हा प्रश्न आकाराने लहान झाला. १९६० च्या आरएस-२३२ मानकाची १९६९ मधील आवृत्ती केबलसाठी ५० फुटांची मर्यादा सुचविते आणि भारधारितेची कमाल २५०० पिकोफॅरड ठरविते. फुटाला ५० पिकोफॅरड धारिता असलेली केबल बरोबर ५० फुटांवर ही कमाल गाठते. १९८३ च्या आरएस-४८५ मानकात एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांमधील विभवाचा फरक वाचला जातो, त्यामुळे बाहेरचा गोंगाट बराचसा वजा होतो. येथे कारणे अनेक आहेत, केवळ धारितेचे नाही. तरी एक तुलना नोंदविण्यासारखी आहे. आरएस-२३२ च्या ग्राहकाला निदान ३ व्होल्ट लागतात. आरएस-४८५ च्या ग्राहकाला ०.२ व्होल्टचा फरक पुरतो, आणि मंद गतीने का होईना, त्याची तार १२०० मीटरपर्यंत जाते.