मानधन : एका शब्दाचा पाऊणशे वर्षांचा प्रवास

१/ नांदेड वा लातूर जिल्ह्यातील कोणत्याही गावी जा. अंगणवाडीची सेविका मुलांची वजने घेते, पूरक आहार वाटते, गरोदर स्त्रियांच्या घरी भेटी देते आणि उरलेल्या वेळी नोंदी भरते. महिन्याकाठी तिला मिळते ते 'मानधन'. तिचे काम तपासायला येणाऱ्या पर्यवेक्षिकेला मात्र 'वेतन' मिळते. बालविकासाच्या क्षेत्रातील ही सीमारेषा कोणी आखली? आजचा थ्रेड त्या रेषेविषयी.

२/ आरंभ मराठवाड्याबाहेर आहे. १९२६ साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. १९४५ च्या डिसेंबरात ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. त्या काळी नांदेड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता, आणि लातूर त्याच संस्थानातील उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग. बोर्डीचा प्रयोग जणू दुसऱ्याच राज्यात चालला होता.

३/ बोर्डीत एक अडचण उभी राहिली. वस्तीतील गरीब मुले बालवाडीपर्यंत येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. मुलांना न्हाऊमाखू घालणे, नखे काढणे, गाणी, गोष्टी, भोवतालच्या पानाफुलांचीच खेळणी. 'अंगणवाडी' या शब्दाचा जन्म हा असा आहे. १९५७ साली कार्य कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी 'विकासवाडी' आकाराला आली.

४/ बालविवाह आणि लगोलग वैधव्य वाट्याला आलेल्या अनुताईंनी आयुष्य या कामाला वाहिले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री. दोघींची थोरवी निर्विवाद आहे. तथापि इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. दोघींनी स्वेच्छेने घेतलेले व्रत पुढे शासनाने लाखो स्त्रियांकरिता नियम म्हणून गृहीत धरले.

५/ २ ऑक्टोबर १९७५. एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. बोर्डीचा शब्द दिल्लीच्या योजनेत गेला, आणि त्याबरोबर सेवेची भाषाही. आरंभी मॅट्रिक झालेल्या सेविकेला दरमहा १५० रुपये, न झालेलीला १००, मदतनिसाला ३५. याला पगार म्हणायचे नव्हते. गावातील स्त्री फावल्या वेळात समाजकार्य करते, तिचा मान राखावा म्हणून हे धन, अशी ही कल्पना!

६/ वरच्या पायऱ्यांचे तसे नाही. पर्यवेक्षिका (जुन्या भाषेत मुख्यसेविका) आणि बालविकास प्रकल्प अधिकारी ही शासकीय पदे. त्यांना वेतनश्रेणी आहे, बदली आहे, निवृत्तिवेतनाचे नियम आहेत. म्हणजे मुलाला प्रत्यक्ष हात लावणारीला मानधन, आणि त्या मुलाची नोंद तपासणारीला वेतन.

७/ सेविकेसाठी एक अट प्रारंभापासून महत्त्वाची आहे : ती स्थानिक रहिवासी हवी. गावाचा विश्वास लागतो, म्हणून अट योग्यच. पण तिचा एक परिणाम क्वचितच बोलला जातो. माहेरी शिकलेल्या मुलीची पात्रता लग्नानंतर सासरच्या गावाला जोडली जाते. तेथे जागा रिकामी असेल तर ठीक. अन्यथा तिची पदवी भिंतीवरच राहते.

८/ शिवाय 'स्थानिक' म्हणजे नेमके काय, हे नांदेडमध्ये चटकन कळते. किनवट-माहूरच्या डोंगरात गोंड आणि कोलाम, मुखेड-कंधारच्या तांड्यांवर गोरमाटी बोलणारे बंजारा, देगलूरच्या सीमेवर तेलुगू. तीन वर्षांच्या मुलाशी त्याच्या आईच्या भाषेत बोलता येणे ही येथे पहिली व्यावसायिक पात्रता होय. कोणत्याही प्रमाणपत्रावर ती लिहिलेली नसते. त्यात दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली कुटुंबे मुलांनाही सोबत नेतात आणि हजेरीपत्रकातील नावांपुढची घरे रिकामी होतात.

९/ ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीचा भूकंप. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे गेली. कुटुंबसेवा म्हणजे काय, याचा कठोर धडा मराठवाड्याला तेव्हा मिळाला. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. पुनर्वसनात गावोगावच्या स्त्रियांना 'संवाद सहायक' नेमण्यात आले. घर कसे बांधावे, अनुदान कसे मिळवावे हे घरोघर समजावणे त्यांचे काम. लिंटेल आणि कॉलम हे शब्द या स्त्रियांच्या तोंडी रुळले. आपत्ती ओसरली, आणि ती भूमिकाही.

१०/ त्यानंतरचा अध्याय मराठवाड्याच्या अभिमानाचा, तरी बहुधा दुर्लक्षित. कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनंतर २००२ च्या सुमारास तत्कालीन औरंगाबाद महसूल विभागात, ज्यात नांदेड-लातूरही येतात, विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने प्रत्येक मुलाचे नियमित वजन घेण्याची मोहीम हाती घेण्यात आली. तिच्यातूनच २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले. राज्यातील दोन वर्षांखालील मुलांमध्ये खुंटलेल्या वाढीचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते, ते २०१२ मध्ये सुमारे २३ टक्क्यांवर आले. या घटीमागे कारणे अनेक असली, तरी वजनकाटा ज्यांच्या हातात होता त्या मानधनावरच होत्या.

११/ आता न्यायालय. २००६ मध्ये कर्नाटकातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अंगणवाडी सेविका शासकीय पद धारण करीत नाहीत. २०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र शासनाने सेविकांना 'मेस्मा' लावला आणि विरोधानंतर त्यास स्थगिती दिली. गंमत पाहा : संपबंदीच्या वेळी काम अत्यावश्यक सेवा, आणि पैशाच्या वेळी समाजकार्य.

१२/ एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १९७२ च्या उपदान अर्थात ग्रॅच्युइटी कायद्याचा लाभ दिला. न्या. अभय ओक यांनी निकालपत्रात नमूद केले की या कायद्यातील 'वेतन' या संज्ञेत मानधनही येते. १९७५ पासून वेगळे ठेवलेले दोन शब्द प्रथमच एका ओळीत आले.

१३/ निकाल लागला, पण अंमलबजावणी रखडली. ४ डिसेंबर २०२३ रोजी राज्यातील सेविका व मदतनीस संपावर गेल्या. मागण्यांत मानधनवाढीबरोबरच ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतनही होते. संप जानेवारी २०२४ अखेरपर्यंत, पन्नासहून अधिक दिवस, चालला.