तिकीट विचारणारी मुलगी



कर्जाचा फॉर्म भरताना 'शिक्षण' या रकान्यापाशी आलं की आपल्यातल्या बऱ्याच जणींचा आवाज खाली जातो. "लिहा, सातवी," असं आपण हळूच सांगतो. आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे, त्या दुर्गाबाई देशमुखांचीही शाळा मध्येच सुटली होती. तरी त्या देशाची घटना लिहिणाऱ्या सभेत जाऊन बसल्या.

दुर्गाबाई आंध्रातल्या. 1909 साली राजमहेंद्रीला जन्म. आठव्या वर्षी लग्न लावून दिलं. कळती झाल्यावर त्यांनी घरी सांगितलं, हा संसार मला करायचा नाही. वडील आणि भाऊ पाठीशी उभे राहिले. असं माहेर किती जणींना मिळतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

शाळेत इंग्रजीची सक्ती झाली म्हणून त्यांनी शाळा सोडली, आणि मुलींना हिंदी शिकवायला स्वतःच वर्ग काढला. शिकवणारी बाई कोण, तर परकरातली पोर!

1923 साली काकीनाड्याला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. तिथल्या खादी प्रदर्शनाच्या दारावर ही चौदा वर्षांची स्वयंसेविका उभी होती. तिकिटाशिवाय कोणाला आत सोडायचं नाही, असं तिला सांगितलेलं. जवाहरलाल नेहरू आले, त्यांच्याकडे तिकीट नव्हतं. तिने अडवलं. आयोजक रागावले, पण तिकीट आणल्यावरच तिने त्यांना आत सोडलं. नेहरूंनी उलट तिचं कौतुक केलं.

पुढे मिठाचा सत्याग्रह आणि तुरुंगवास. सुटून आल्यावर बायका थांबतात, तिथून त्यांनी सुरुवात केली. मोठ्या वयात मॅट्रिक झाल्या, मग बी.ए., एम.ए., आणि 1942 मध्ये वकिली. स्वतः शिकता शिकता मद्रासला इतर मुलींना मॅट्रिकला बसवायच्या. त्यातूनच 1937 साली आंध्र महिला सभा उभी राहिली.

1946 मध्ये त्या घटना समितीवर निवडून गेल्या. राज्यसभेत जायला पस्तीस वर्षांची अट घालायचं घाटत होतं. ती तीसवर आणा, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली, आणि आज तीसच आहे.

1952 च्या लोकसभा निवडणुकीत मात्र त्या हरल्या. आपल्याकडे बाई ग्रामपंचायतीला पडली तर वर्षभर टोमणे ऐकते. दुर्गाबाई त्यानंतर नियोजन आयोगावर गेल्या आणि 1953 मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्याच वर्षी त्यांनी चिंतामणराव देशमुखांशी लग्न केलं. हे आपल्या रायगडचे, तेव्हाचे अर्थमंत्री. लग्नाला साक्षीदार कोण, तर पंतप्रधान नेहरू, ज्यांना त्यांनी दारात अडवलं होतं तेच!

आम्हाला त्यांचं सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं काम. शाळा सुटलेल्या मोठ्या बायकांना कमी वेळात परीक्षेपर्यंत नेणारे वर्ग या मंडळाने 1958 पासून सुरू केले. मद्रासला त्यांनी घरगुती पातळीवर जे केलं होतं, तेच आता सरकारी पैशातून गावोगावी जाऊ लागलं. दिल्लीच्या खुर्चीचा त्यांनी असा उपयोग केला.

ही गोष्ट आम्ही मागच्या बैठकीत सांगितली. आमच्या दोघींनी यंदा दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. एकीला गणित तिची सून शिकवते, रात्री भांडी झाल्यावर.