विदेशी स्वामित्वाचे कारखाने (महाराष्ट्र)

ज्याचे भांडवल व अंतिम निर्णयाची मुखत्यारी परदेशस्थ कंपनीकडे, परंतु ज्याची जमीन, पाणी व मनुष्यबळ स्थानिक, असा कारखाना. त्याचा प्रादेशिक अर्थव्यवहारावरील परिणाम हजेरीपटावरील नावांपेक्षा, त्याला माल पुरविणारे व त्याचा माल वापरणारे धंदे भोवताली किती रुजले, यावरून ठरतो. या मागील-पुढील दुव्यांचे विवेचन आल्बर्ट हिर्शमन यांनी १९५८ मध्ये केले.

दुवे नसले, की कारखाना उठणे सोपे जाते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी आरंभिली. तथापि प्रत्यक्ष निर्मितीची योजना नसलेल्या कंपन्यांनी कारभार आवरावा, असे सरकारने १९५३ मध्ये ठरविताच पुढील वर्षी तो कारखाना बंद झाला. विदेशी भांडवलावर १९७३ च्या परकीय चलन कायद्याने घातलेली ४० टक्क्यांची सर्वसाधारण मर्यादा १९९१ नंतर शिथिल झाल्यावर पुण्याच्या परिसरात विदेशी मोटार कंपन्या आल्या, आणि जनरल मोटर्सनेही २००८ मध्ये तळेगाव येथे उत्पादन सुरू केले. देशांतर्गत विक्री २०१७ मध्ये व उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. हा कारखाना विकण्याचा चिनी कंपनीशी झालेला करार सीमावर्ती देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीवरील नव्या निर्बंधांत अडकून २०२२ मध्ये संपुष्टात आला, आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने खरेदीचा करार केला. कारखान्याला नवा मालक लाभला, पण जुन्या कामगारांना सामावून घेण्याचा प्रश्न मागे उरला. भोसरी-चाकणच्या सुट्या भागांच्या कारखानदारांना मात्र अन्य गिऱ्हाइके असल्याने त्यांचे सारे भवितव्य एका कंपनीस बांधलेले नव्हते.

अशा मोठ्या विदेशी कारखान्यांच्या तुलनेत मुंबईलगतच्या मीरा-भाईंदरमध्ये उद्योगाची घडण निराळी आहे. भाईंदर पूर्वेतील लहान गाळ्यांतून पोलादी भांड्यांसारखा माल तयार होतो. दूरदेशीच्या एका निर्णयाने सारा गाव बेकार व्हावा, अशी ही रचना नव्हे, परंतु मोठ्या कारखान्यात मिळणारे पद्धतशीर प्रशिक्षण व कायम नोकरीची हमीही तीत सहसा नसते.

म्हणून स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या देण्याच्या राज्यशासनाच्या धोरणाने प्रवेशद्वारावरील भरती मोजता येते. मालक बदलल्यावरही जिल्ह्यात टिकणारे कौशल्य व पुरवठादार मात्र त्या मोजणीत येत नाहीत.