सोलापूरचा डॉक्टर, चीनची आघाडी

१९३८ साली जपानी फौजा चीनमध्ये घुसल्या होत्या. चिनी सेनानी च्यू तेह यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले, काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी देशभर आवाहन केलं आणि निधी गोळा झाला. भारत तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता. तरी सप्टेंबरमध्ये पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. त्यांतले दोघे मराठी: नागपूरचे वयस्क चोळकर आणि सोलापूरचे सत्तावीस वर्षांचे द्वारकानाथ कोटणीस.

कोटणीस मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले. पुढच्या शिक्षणाची तयारी सोडून ते गेले.

१९३९च्या सुरुवातीला पथक चीनमधल्या येनानला पोहोचलं. पुढे कोटणीस आघाडीवर गेले. तिथे औषधांची चणचण कायमचीच. जखमी येतच राहायचे. १९४०च्या एका लढाईत कोटणीसांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचं सांगतात. एव्हाना ते चिनी शिकले होते. पुढे कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं, मुलगाही झाला.

इतर सहकारी एकेक करून मायदेशी परतले. कोटणीस मात्र ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी गेले. वय अवघं बत्तीस.

दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला आणि नाव घरोघरी पोहोचलं. चोळकरांच्या वाट्याला तेवढी प्रसिद्धी आली नाही, हे खटकतं. कोटणीसांचं स्मारक सोलापुरात आहे, तसंच चीनमधल्या शिच्याच्वांगलाही.