मध्यशिरा-नलिका : टोकाची फेरतपासणी
केमोथेरपीसाठी दंडातून घातलेली पिक लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी) घेऊन घरी गेलेला रुग्ण परतल्यावर तिचे टोक जागेवर आहे का, हे पाहण्याची क्रिया. टोक ऊर्ध्व महाशिरेच्या खालच्या भागात, उजव्या कर्णिकेच्या तोंडाशी असावे. आधी त्वचेबाहेरची लांबी मोजून पहिल्या नोंदीशी ताडतात. म्हणून डिस्चार्ज कार्डावरचा सेंटिमीटरचा आकडा लाखमोलाचा, आणि नेमका तोच लिहायचा राहतो. लांबी बदलली, रक्त ओढले जाईना किंवा सलाइन सोडताना कानात खळखळ ऐकू आली, तर छातीचा एक्स-रे. रक्त येते म्हणजे टोक जागेवर, हा समज फसवा : मानेच्या शिरेत वळलेल्या नळीतूनही रक्त येऊ शकते. दंड हलला की टोकही थोडे सरकते. जुन्या फिल्मशी तुलना करताना हाताची ठेवण सारखी हवी.