कुइलीची बी आणि बाबांची गोळी

आमचं गाव चोरखमारा. गोंदिया जिल्ह्यात, तलावाकाठी, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून. लहानपणी आजीची ताकीद असायची, खाजकुइलीच्या वेलाजवळ जायचं नाही. शेंगेवरची लव अंगाला लागली की दिवसभर खाजवत बसा!

बाबांना पार्किन्सन होऊन आता नऊ वर्षं झाली. दिवाळीला गावी गेलो तेव्हा थोरल्या काकांनी याच कुइलीच्या बियांचं, म्हणजे कवचबीजाचं, चूर्ण त्यांना दुधातून सुरू केलं. "आपल्या जंगलातलं आहे, याचा काय त्रास होते?" गोळ्या चालूच होत्या. चारेक दिवसांत हाताचा कंप थांबला, पण मान आणि पाय आपोआप हलायला लागले. रात्री बाबा कोपऱ्यात कोणीतरी बसलंय म्हणाले. त्या कोपऱ्यात कोणी नव्हतं.

डॉक्टरांनी चूर्णाचं नाव ऐकलं आणि कपाळाला हात लावला. गोळीत असतं तेच लेव्होडोपा या बीत असतं. नकळत डोस वाढला होता.

मग मी वाचत बसलो. १९१३ मध्ये गुगेनहाइम नावाच्या स्विस रसायनतज्ज्ञाने एका घेवड्यासारख्या शेंगेतून हे द्रव्य वेगळं काढलं, अडीच ग्रॅम स्वतःच गिळलं आणि जबरदस्त ओकारी काढली. म्हणजे पहिला दुष्परिणाम औषधाचा उपयोग कळायच्या चाळीसेक वर्षं आधीच नोंदला गेला! १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी तेच द्रव्य आपल्या कुइलीत शोधलं. तेव्हाही ते कशाला उपयोगी पडेल हे कोणाला ठाऊक नव्हतं.

ते कळलं दुसऱ्या एका भारतीय झाडामुळे. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण इंग्लंडच्या मासिकात मांडला. पुढे तिच्यातलं रेसर्पिन जगभर वापरात आलं, आणि काही रोग्यांना त्याने कंपवातासारखी लक्षणं दिसू लागली. १९५७ मध्ये स्वीडनच्या कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन टोचलं, ससे निपचित पडले. डोपा टोचल्यावर ते उठून हिंडू लागले. (नोबेल मिळायला मात्र २००० साल उजाडलं.) एक वनस्पती कंप आणणारी, दुसरी घालवणारी, आणि दोन्ही आपल्याकडच्या. काकांना हे सांगितलं तेव्हा ते फारच खूष झाले. असो.

१९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियास यांनी ओकारीवर तोड काढली, ती म्हणजे डोस अगदी हळूहळू वाढवायचा. रोगी उठून चालू लागले. पण दोनच वर्षांत त्यांनाही ते आपोआप हलणं दिसलं, जे आम्ही ओसरीवर पाहिलं. नंतर गोळीत कार्बिडोपा घातलं गेलं. ते लेव्होडोपाला मेंदूबाहेर वाया जाऊ देत नाही, त्यामुळे थोडक्या मात्रेत भागतं आणि मळमळही कमी होते. चूर्णात ते नाही, आणि चमच्यात किती औषध गेलं तेही कळत नाही.

मला काका चुकले असं म्हणवत नाही. बीत गुण आहेच. मुंबईतल्या डॉ. अशोक वैद्य यांनी १९७८ मध्ये तिचे रोग्यांवरचे परिणाम प्रसिद्ध केले होते. चूक एवढीच की आम्ही कोणी डॉक्टरांना विचारलं नाही.

चूर्ण बंद केल्यावर हलणं ओसरलं, कंप थोडा परत आला. आता गोळी जेवणाच्या तासभर आधी, कारण डाळ-दुधातली प्रथिनं तिची वाट अडवतात. वेळा वहीत लिहितो. संध्याकाळी काकांचा फोन येतो, "बापू, चारची गोळी झाली काय?"