लेखाशीर्षाने घडवलेला दवाखाना

ग्रामीण आरोग्यसेवेचा विषय निघाला की वाद तरतुदीच्या आकड्यावर येऊन थांबतो. इतके कोटी दिले, एवढे टक्के वाढवले, तेवढे कमी पडले. आकडा महत्त्वाचा आहेच; कमी पैशात दवाखाने चालत नाहीत. पण गेल्या दीडशे वर्षांचा हिशेब पाहिला तर गावच्या वाट्याला काय आले हे रकमेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो पैसा कोणत्या लेखाशीर्षाखाली आला यावर ठरत गेले. इमारत, परिचारिका, जीप, गोळ्यांचा डबा या गोष्टी गावाच्या दुखण्यावरून बेतलेल्या नव्हत्या. अनुदान देणाऱ्याच्या त्या त्या वेळच्या चिंतेवरून त्या बेतल्या गेल्या.

मुंबई इलाख्यात १८६९च्या कायद्याने लोकल फंड उभा राहिला. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा उपकर घ्यायचा आणि त्यातून रस्ते, शाळा, धर्मशाळा, विहिरी, दवाखाने करायचे, अशी रचना. उपकराचा तिसरा हिस्सा शाळांसाठी राखलेला, उरलेल्यातला मोठा भाग रस्त्यांकडे जाई, आणि दवाखान्याला मिळे ते त्यातून वाचलेले. म्हणून इमारतीसाठी एखादा शेठ किंवा इनामदार पुढे यावा लागे. जिल्हा गॅझेटियरांत दवाखान्यांच्या नोंदी आहेत: रुग्ण किती आले, खर्च किती झाला. पण हे दवाखाने बहुतेक तालुक्याच्या किंवा बाजारपेठेच्या गावी, जिथे मामलेदार बसे तिथे. एक आणा भरणारा कुणबी मात्र दहा-वीस मैलांवर. पुढे १९१९च्या सुधारणांनी आरोग्य खाते प्रांतांतल्या लोकनियुक्त मंत्र्यांकडे दिले आणि अर्थखाते राखीव ठेवले. जबाबदारी एकाकडे आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे ही वाटणी तेव्हापासूनची.

ती मोडण्याचा सर्वांत गंभीर विचार केला तो भोर समितीने. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर जन्माने नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. १९४३ साली नेमलेल्या या समितीने १९४६ साली अहवाल दिला, आणि पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये हे तत्त्व त्यात स्पष्ट मांडले. पहिल्या टप्प्यात ४०,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथे दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार सुईणी, शिवाय इतर कर्मचारी. प्रत्यक्षात काय झाले? २ ऑक्टोबर १९५२ला समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि आरोग्य केंद्र त्या कार्यक्रमाच्या गटाला जोडले गेले. गट साठ हजारांपासून लाखापर्यंत वस्तीचा, केंद्र एक, डॉक्टरही बहुधा एकच. भोरांनी माणसे मोजून केंद्र आखले होते. योजनेने ते प्रशासकीय नकाशा पाहून बसवले.

त्यात आपल्या अर्थसंकल्पाची ‘योजनांतर्गत’ आणि ‘योजनेतर’ ही विभागणी, जी २०१७-१८मध्ये जाऊन संपली. तिने केलेले नुकसान फारसे चर्चेत येत नाही, कारण तो कंटाळवाणा विषय आहे. नवे बांधकाम, नवे पद, नवे वाहन हे योजनांतर्गत. त्यासाठी केंद्राचा पैसा मिळे, उद्घाटन होई. पंचवार्षिक मुदत संपली की तोच खर्च ‘बांधील दायित्व’ म्हणून राज्याच्या योजनेतर बाजूला जाई, आणि काटकसरीचे परिपत्रक निघाले की कात्री नेमकी त्याच बाजूला लागे. पगार थांबवता येत नाही. मग थांबते ते डिझेल, औषधखरेदी, छपराची डागडुजी. नवे उपकेंद्र मंजूर करणे हे जुन्या उपकेंद्राची गळती काढण्यापेक्षा कागदावर सोपे, असा हा उफराटा व्यवहार होता. १ मे १९६२पासून महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदांकडे आली. विकेंद्रीकरणाच्या दृष्टीने ते मोठे पाऊल होते. पण परिषदेकडे आलेला पैसाही मुख्यतः आस्थापनेसाठी किंवा ठरलेल्या प्रयोजनासाठी. या खात्याचे त्या खात्यात वळवायचे म्हटले तर पुन्हा मंत्रालयाची वारी.

याहून खोल परिणाम केला तो रोगवार आणि कार्यक्रमवार अनुदानांनी. हिवतापाची मोहीम १९५३ साली सुरू झाली आणि १९५८पासून ‘निर्मूलन’ हे तिचे ध्येय ठरले. डीडीटी, फवारणीची पथके, परदेशी मदत, सगळे वेगळ्या शीर्षाखाली. यश खरोखर थक्क करणारे होते: १९६५ साली देशातले नोंदलेले रुग्ण लाखभरावर आले. मग १९७६ साली तीच संख्या ६४ लाखांवर गेली. डासांनी डीडीटीला दाद देणे सोडले, फवारणीचा पुरवठा आटला, शहरांकडे दुर्लक्ष झाले, ही कारणे आहेतच. पण एक कारण या विषयाच्या गाभ्याचे आहे. मोहीम संपलेल्या भागांत देखरेखीचे काम स्थानिक आरोग्य केंद्रांनी करायचे होते, आणि ती केंद्रे पुरेशी उभीच नव्हती.

कुटुंब नियोजनाचे शीर्ष तर सर्वांत भरलेले. उपकेंद्रातल्या नर्सबाईंचा पगार केंद्राच्या कुटुंबकल्याण खात्यातून येऊ लागला, तेव्हा त्यांचे खरे काम कोणते हे वेगळे सांगावे लागले नाही. महिन्याच्या बैठकीत प्रश्न ‘केसेस किती?’ हाच. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांनाही केसेसचे उद्दिष्ट. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीचे विधेयकच संमत केले, त्याला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही म्हणून ते टळले. गावातली बाई सरकारी दवाखान्याकडे पुढची कित्येक वर्षे संशयाने पाहत राहिली, त्याची मुळे इथे आहेत.

ज्या दुखण्याला शीर्ष नाही त्याचे काय होते, हे कोकणात दिसते. महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट मुले आणि शेतमजूर दगावत होते: अंगाला दरदरून घाम, हातपाय गार, मग फुप्फुसात पाणी. विंचवासाठी राष्ट्रीय कार्यक्रम नव्हता, लक्ष्य नव्हते, रकानाही नव्हता. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांच्या नोंदी ठेवल्या, १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्या प्रसिद्ध केल्या, आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरच्या स्वस्त गोळीने उपचार बसवला. त्यांच्या नोंदींनुसार मृत्यूचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपासून एक टक्क्याच्या आसपास आले. ही गोष्ट एका जिद्दी डॉक्टरची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण व्यवस्थेच्या बाजूने पाहिले तर ती लाजिरवाणी आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसे मारणाऱ्या दंशाकडे सरकारी केंद्राचे लक्ष जायला एखाद्या बावस्करांची नेमणूक तिथे व्हावी लागली.

यावर आक्षेप येईल की बांधीव अनुदानांनीच तर देवी गेली, पोलिओ गेला. खरे आहे. देवीचा शेवट आणि २०११नंतर वाइल्ड (नैसर्गिक) पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण नसणे ही मोहिमेच्या पैशाची फळे आहेत, ती नाकारणे कृतघ्नपणा होईल. मात्र देवीला शेवटचा रुग्ण असतो. बाळंतपणाला, सर्पदंशाला, मधुमेहाला नसतो. ज्या कामाला शेवट आहे त्याला मोहिमेचा पैसा शोभतो. रोजच्या कामाला तो लावला की रोजचे काम मोहिमेच्या फावल्या वेळेत ढकलले जाते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड: मोकळा पैसा खाल्ला जातो किंवा पडून राहतो. १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने हा प्रयोग करून पाहिला. उपकेंद्राला वर्षाला १०,००० रुपये अबंधित निधी, प्राथमिक आरोग्य केंद्राला २५,०००, देखभालीसाठी आणखी ५०,०००, रुग्ण कल्याण समितीला एक लाख. उपकेंद्राच्या खात्यावर परिचारिका आणि सरपंच अशा दोन सह्या. दिव्याची बटणे, प्रसूतीच्या टेबलावरचे रबरी कापड, पाण्याची टाकी, अडलेल्या बाईला हलवायला गाडीभाडे, ज्या गोष्टींसाठी पूर्वी प्रस्ताव पाठवून वर्ष घालवावे लागे त्या दोन सह्यांवर होऊ लागल्या. आणि हो, पैसा पडूनही राहिला. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी अभियानाच्या परीक्षणात अखर्चित रकमांवर ताशेरे ओढले. पण लेखापरीक्षणाला सरावलेल्या कर्मचाऱ्याने खर्च करण्यापेक्षा न करणे सुरक्षित मानले, तर तो दोष मोकळ्या पैशाचा की आधीच्या पन्नास वर्षांच्या बांधलेपणाचा? आणि चोरीवरचा उपाय महाराष्ट्रातच सापडला होता. २००७पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. ‘साथी’ ही पुण्याची संस्था तिचे राज्यपातळीवर समन्वयन करी. गावकऱ्यांनी दवाखान्याचे प्रगतिपत्रक भरायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे. औषधे बाहेरून आणायला का लावली, याचे उत्तर मांडवात सर्वांदेखत द्यावे लागे. दिल्लीला पाठवलेले उपयोगिता प्रमाणपत्र अशी विचारपूस कधीच करत नाही.

त्यानंतर प्रवाह पुन्हा उलटा वळला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्याला ७०,०५१ कोटी रुपये दिले. स्थानिक संस्थांच्या नावावर एवढी मोठी रक्कम येणे ही ऐतिहासिक गोष्ट म्हणायला हवी. पण रक्कम आधीच घटकांत विभागलेली: तपासणीची साधने, गटपातळीवरची सार्वजनिक आरोग्य पथके, इमारत नसलेल्या केंद्रांची बांधकामे, उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर. जिल्हा परिषदेला खर्चाचा अधिकार होता, निवडीचा नव्हता. आणि अट आता पाटीपर्यंत येऊन पोचली आहे. केंद्रांचे नाव व रूप ठरल्याप्रमाणे नाही या कारणावरून पंजाबचा राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निधी केंद्राने रोखून धरला. पंजाबने काही आरोग्य केंद्रांची ‘आम आदमी क्लिनिक’ केली होती. पक्षीय भांडणात बरोबर कोण हा प्रश्न बाजूला ठेवू. रोखलेल्या पैशात नर्सबाईंचे पगार आणि गोळ्याऔषधेही होती.